परसबाग आणि वाफसा

मृगाच्या पहिल्या सरी कोसळून गेल्या कीं, ज्याच्या घरामागें दोन खण मोकळी जागा आहे अशा गृहस्थाला परसबागेची आठवण होते. बाजारांतून बियांच्या पुड्या येतात, कोनाड्यांतलें खुरपें बाहेर निघतें, आणि त्याच संध्याकाळीं चिखल तुडवीत भेंडी, गवार, दोडका, झेंडू असें सारें बीं एकदम मातींत घातलें जातें. आठ-दहा दिवसांनीं पाहावें तों निम्मेंच उगवलेलें असतें. श्रावणांत वांगीं-मिरचीचीं रोपें माना टाकतात. त्यांस तहान लागली असेल या समजुतीनें आणखी पाणी घातलें जातें, आणि तीं अधिकच लवकर मरतात. भाद्रपद संपण्याच्या सुमारास ‘या मातींत कांहीं व्हावयाचें नाहीं’ असा निकाल देऊन खुरपें पुन्हां कोनाड्यांत ठेवलें जातें.

या निकालांत मातीवर बहुधा अन्याय झालेला असतो. घरची बाग नेहमीं उपेक्षेमुळेंच फसते असें नाहीं. अवेळीं केलेल्या सेवेमुळेंही ती फसते. ही वेळ-अवेळ ओळखण्याची खूण मराठी शेतकऱ्यानें आपल्या बोलींतील एका लहानशा शब्दांत सांठवून ठेवली आहे. तो शब्द म्हणजे वाफसा. ज्याला वाफसा ओळखतां आला त्याला परसबागेचें निम्में शास्त्र आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मुसळधार पाऊस पडून गेल्यावर, किंवा वाफ्याला भरपूर पाणी दिल्यावर, कांहीं काळ जमीन म्हणजे नुसता चिखल असतो. मातीच्या कणांमध्यें ज्या लहानमोठ्या पोकळ्या असतात त्या सर्व पाण्यानें भरतात आणि त्यांतील हवा बाहेर ढकलली जाते. पुढें जास्तीचें पाणी स्वतःच्या भारानें खालीं उतरतें. मोठ्या पोकळ्यांत हवा परत येते, आणि बारीक पोकळ्यांत कणांना धरून राहिलेली ओल शिल्लक उरते. ओल आणि हवा या दोहोंचा असा मेळ बसला म्हणजे जमिनीला वाफसा आला असें म्हणतात. वनस्पतीच्या मुळांना पाण्याइतकीच प्राणवायूची गरज असते. श्वासोच्छ्वासावांचून मुळांना पाणी व क्षार शोषून घेण्याचें काम नीट करतां येत नाहीं. म्हणून बीं पेरणें, रोप लावणें, खुरपणी करणें, या सर्व कामांना वाफसा हीच योग्य वेळ होय.

तो ओळखण्यास कोणतेंही यंत्र लागत नाहीं. चार बोटें खोलीवरची मूठभर माती घेऊन ती दाबावी. बोटांच्या फटींतून चिखल निघाला, किंवा माती तळहातास चिकटून राहिली, तर जमीन अजून फार ओली आहे. गोळा झालाच नाहीं आणि माती भुगा होऊन गळली, तर ती कोरडी पडली आहे. गोळा झाला, परंतु कमरेइतक्या उंचीवरून टाकतांच तो फुटून मोकळा झाला, तर वाफसा आहे असें समजावें. हा प्रयोग घरांतील दहा वर्षांच्या मुलालाही एका दिवसांत शिकवितां येतो, आणि मुलें तो मोठ्या आवडीनें करितात.

वाफसा यावयास किती वेळ लागेल हें मात्र जमिनीवर अवलंबून असतें. दख्खनच्या पठारावरील काळी माती ही लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली आहे. तिच्यांतील चिकणमातीचे कण अत्यंत बारीक असून ते पाणी पिऊन फुगतात आणि वाळतांना आक्रसतात. उन्हाळ्यांत या जमिनीला हात-हात खोल भेगा पडतात त्या याच कारणानें. अशा जमिनीस चांगला पाऊस झाल्यावर वाफसा येण्यास कित्येक दिवस लागतात. उलट कोंकणांत आणि गोव्यांत जांभ्या दगडाची तांबडी माती असते, ती पाणी लवकर खालीं सोडते, आणि पावसानें उघडीप दिली कीं थोड्याच वेळांत हात घालण्याजोगी होते. यास्तव रत्नागिरीच्या आप्तानें सांगितलेला दिवस पुण्याच्या किंवा परभणीच्या परसांत लागू पडेलच असें नाहीं. काळ्या मातींत घाईनें ओल्यावर खुरपें चालविलें तर तिचीं ढेकळें होतात, तीं वाळून विटेसारखीं टणक बनतात, आणि एका संध्याकाळची उतावीळ सबंध हंगामभर सोसावी लागते.

परसबागेच्या कामाचा आरंभ पावसानंतर नव्हे, तर पावसाच्या आधीं झाला पाहिजे. सूर्य रोहिणी नक्षत्रांत येतो तो २५ मेच्या सुमारास, आणि मृगांत येतो तो ७-८ जूनला. या मधल्या पंधरवड्यांत जमीन कुदळीनें वीतभर खोल खणून उन्हांत तापूं द्यावी. दगड, हरळीचे धागे आणि लव्हाळ्याच्या गांठी वेंचून काढाव्यात. हरळीचा एक तुकडा राहिला तरी पावसाळ्यांत तिचें जाळें होतें. नंतर चांगलें कुजलेलें शेणखत किंवा घरच्या खड्ड्यांतील खत, दर दहा चौरस फुटांस एक घमेलें या बेतानें, वरच्या थरांत मिसळावें. ताजें शेण घालूं नये. तें कुजतांना मुळांना अपाय होतो आणि हुमणीसारख्या किडीला आश्रय मिळतो.

वाफे कसे करावेत हें ऋतूवर ठरतें. पावसाळ्यासाठीं गादीवाफे, म्हणजे भोंवतालच्या जमिनीपेक्षां वीतभर उंच केलेले वाफे, उत्तम. रुंदी चार फुटांहून अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनीं मध्यापर्यंत हात पोहोंचतो आणि वाफ्यांत पाय घालावा लागत नाहीं. कारण पायानें दाबलेल्या मातींतील पोकळ्या मिटतात आणि वाफसा हटतो. दोन वाफ्यांमधील वाटेला किंचित् उतार देऊन ती परसाच्या सखल कोपऱ्याकडे न्यावी. पाण्याला अशी वाट करून देणें किती जरुरीचें आहे हें एका साध्या हिशेबावरून कळेल. दहा फूट लांब व चार फूट रुंद वाफ्यावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें ९५ लिटर, अर्थात् १५ लिटरच्या सहा बादल्यांहून अधिक पाणी पडतें. पुण्यास वर्षाकाठीं साधारणपणें ७०० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें २८ इंच पाऊस होतो. त्या एका वाफ्यावर तेवढ्यानें सुमारें पावणेदोनशें बादल्या ओतल्या जातात, आणि त्यांतील बहुतेक चार महिन्यांतच. कोंकणांत तर हें प्रमाण तिपटीहूनही अधिक. एवढ्या पाण्यांतून आपल्या उपयोगापुरतें ठेवून बाकीचें बाहेर काढणें हेंच पावसाळी परसबागेचें मुख्य काम होय. झारीला त्या दिवसांत फारसें काम नसतें.

पहिल्या सरीनें वरची दोन बोटें माती भिजते. तिच्याखालीं उन्हाळ्याची तापलेली कोरडी जमीन तशीच असते. तेवढ्या ओलीवर पेरलेलें बीं फुगतें, अंकुर धरतें आणि पाऊस लांबला कीं वाळून जातें. म्हणून वीतभर खोल ओल गेली आहे अशी खात्री झाल्यावर, आणि वर वाफसा आल्यावर, मगच पेरणी करावी. मग तें मृग असो वा आर्द्रा. भेंडी, गवार, चवळी आणि वेलांचें बीं जागेवरच टोकावें. भेंडीचें बीं आदल्या रात्रीं पाण्यांत भिजत घातलें तर तें लवकर रुजतें. बीं त्याच्या जाडीच्या दोन-तीन पटींहून खोल जाऊं देऊं नये. वांगीं, मिरची व झेंडू यांचीं रोपें आधीं कोपऱ्यांतील लहानशा वाफ्यांत तयार करावीं आणि चार-सहा आठवड्यांनीं, तिसऱ्या प्रहरीं ऊन उतरल्यावर, कायमच्या जागीं लावावीं. वांग्यांच्या दोन रोपांमध्यें दोन फूट आणि मिरच्यांमध्यें दीड फूट अंतर असावें. लहान रोपांकडे पाहून हें अंतर फार वाटतें, परंतु श्रावणांत दाटी झाली म्हणजे पानांवरची ओल सुकत नाहीं आणि बुरशीला आयतें घर मिळतें. सगळें बीं एकाच दिवशीं पेरूं नये. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें दोन-तीन वेळां पेरल्यास घरांत एका आठवड्यास भेंडीचा ढीग आणि पुढच्या आठवड्यास रिकामी टोपली अशी अवस्था येत नाहीं.

आतां त्या माना टाकणाऱ्या रोपांकडे वळावें. आषाढ-श्रावणांत झड लागून राहते, काळ्या मातींत पाणी सांचतें, आणि तरीही रोप कोमेजलेलें दिसतें, हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें. कारण असें कीं, सांचलेल्या पाण्यांत मुळांना प्राणवायु मिळत नाहीं, तीं आपलें काम सोडून देतात, आणि भोंवतीं पाणीच पाणी असूनही पानांपर्यंत तें पोहोंचत नाहीं. रोप तहानेनेंच कोमेजतें, पण ती तहान पाणी घातल्यानें वाढते. अशा वेळीं दोन गोष्टी पाहाव्या. भर दुपारीं पानें मलूल होऊन संध्याकाळीं पुन्हां टवटवीत झालीं, तर चिंतेचें कारण नाहीं. सकाळच्या गारव्यांतही पानें लोंबत असलीं, खालचीं पानें पिवळीं पडत असलीं आणि माती हाताला चिकटत असली, तर मुळें गुदमरत आहेत असें जाणावें. उपाय एकच: वाफ्याच्या कडेनें चर काढून पाण्याला वाट द्यावी, उघडीप मिळतांच बुंध्याजवळची माती हलक्या हातानें मोकळी करावी, आणि वाफसा आल्यावर बुंध्याला मातीची भर द्यावी. मुळें तपकिरी होऊन त्यांस दुर्गंधी सुटली असल्यास तें रोप उपटून परसाबाहेर टाकावें. त्याच्या जागीं लगेच दुसरें वांगें किंवा मिरची लावूं नये, कारण मर रोगाची बुरशी मातींत मागें राहते.

पावसाळ्याचा दुसरा स्वभाव म्हणजे मधला खंड. झड थांबते, आणि दहा-पंधरा दिवस आभाळ कोरडें जातें. ओल राखण्याचें काम तेव्हां सुरू होतें. वाफसा असतांनाच एक खुरपणी करून घ्यावी. तिच्यामुळें तण जातें, आणि पाण्याच्या वांटणींतला एक मोठा भागीदार कमी होतो. शिवाय वरची दोन बोटें माती भुसभुशीत होऊन खालची ओल उडून जाण्यास अटकाव होतो. उपटलेलें तण बीं धरण्यापूर्वींचें असेल तर तें तेथेंच रोपांभोंवतीं पसरावें. वाळलेला पाला, उसाचें पाचट, भाताचा पेंढा, यांपैकीं जें मिळेल त्याचा तीन-चार बोटें थर आच्छादन म्हणून उपयोगी पडतो. मात्र तो थर झाडाच्या बुंध्याला भिडवूं नये. रान ओलें असतांना हेंच आच्छादन गोगलगायींचें घर होतें. तेव्हां सततच्या झडींत तें थोडें बाजूस ओढून ठेवावें.

याच दिवसांत मांडवावर चढलेले वेल फुलूं लागतात, आणि ‘फुलें भाराभर, पण फळ एकही नाहीं’ अशी तक्रार घरोघर ऐकूं येते. काकडी, दोडका, दुधी, कारलें व भोपळा यांच्या बहुतेक जातींत नरफुलें आणि मादीफुलें निरनिराळीं असतात. आरंभीं नरफुलेंच फार येतात, तीं गळून पडतात, त्यांत बिघाड कांहीं नसतो. मादीफुलाच्या खालीं बारीकसें फळ आधींच दिसतें. नरफुलांतील पराग त्याच्यापर्यंत पोहोंचला तरच तें वाढतें. काकडी, कारलें व लाल भोपळा सकाळीं फुलतात आणि मधमाशा त्यांचें काम करितात. दोडका व दुधी दिवस कलल्यावर फुलतात आणि त्यांच्याकडे संध्याकाळचे पतंग फिरकतात. एकसारखा पाऊस असला म्हणजे हे पाहुणे येत नाहींत. तेव्हां ताजें नरफूल खुडून त्याचा पराग मादीफुलाला हलकेच लावल्यास फळ धरतें. मधमाशांच्या वेळीं विषारी औषधें फवारणारा गृहस्थ आपल्याच मांडवावरचीं फळें घालवीत असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारख्या औषधांचा फार गाजावाजा झाला. परंतु माती व अन्न यांत त्यांचा अंश दीर्घकाळ टिकून राहतो हें दिसून आल्यावर १९८९ सालीं भारतांत शेतीसाठीं डीडीटी वापरण्यास बंदी झाली. ज्या वाफ्यांतील काकडी मूल तोडून तेथेंच खातें, त्या वाफ्यांत तर असलीं औषधें नसणेंच बरें.

घरच्या बागेला सौम्य उपाय पुरतात. मावा दिसतांच पाण्याचा जोराचा फवारा मारावा, किंवा फार भरलेला शेंडा खुडून टाकावा. वाळलेल्या निंबोळ्यांच्या गराची ५० ग्रॅम भरड एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण मिसळून सायंकाळीं फवारल्यास पुष्कळ किडींना आळा बसतो. उन्हांत त्याचा गुण लवकर जातो म्हणून सायंकाळ सांगितली आहे. फळमाशीनें डंख केलेलीं फळें वेलावर ठेवूं नयेत. तीं खोल पुरावीं, आणि चांगल्या कोंवळ्या फळांना कागदाची पिशवी बांधावी. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो पांढऱ्या माशीनें पसरणारा विषाणूचा रोग होय; त्याला औषध नाहीं, झाड उपटणें हाच उपाय. परभणीच्या कृषि विद्यापीठानें काढलेली ‘परभणी क्रांति’ ही भेंडीची जात याच रोगापुढें टिकाव धरावा म्हणून तयार करण्यांत आली. नत्रयुक्त खत आणि पाणी यांचा अतिरेक केला म्हणजे पालवी लुसलुशीत होते आणि मावा तिच्यावर विशेष तुटून पडतो. येथेंही अतिसेवाच बाधते.

भाजीबरोबर फुलांनाही परसांत स्थान असावें. तेरडा पावसाळ्यांत थोड्या निगेवर येतो, आणि अनेक घरीं तो गौरीसाठीं लागतो. झेंडूला बीं पेरल्यापासून फुलें येईपर्यंत सुमारें अडीच महिने लागतात. तेव्हां त्या वर्षींची दसऱ्याची तिथी पाहून अडीच-तीन महिने मागें मोजावे आणि बीं टाकावें, म्हणजे तोरणाचीं फुलें घरचीं होतात. कुंपणावर गोकर्ण आणि जाई-जुई, सावलींत अबोली, मोरीच्या पाण्यावर कर्दळ व अळू, अशी जागेच्या स्वभावाप्रमाणें वांटणी केल्यास झगडा करावा लागत नाहीं.

हस्त नक्षत्र लागतें तें २७ सप्टेंबरच्या सुमारास. जुन्या हिशेबानें हा पावसाच्या निरोपाचा काळ. परंतु भारतीय हवामानशास्त्र विभागानें २०२० सालीं मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्यानें ठरविल्या, तेव्हां मुंबईंतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. म्हणून हिवाळी भाज्यांच्या वाफ्यांना हात घालतांना पंचांग अवश्य पाहावें, परंतु अखेरचा शब्द मातीचा मानावा. नक्षत्रें अदमास देतात. मूठभर माती निश्चय देते.

या ऋतूंत गादीवाफे मोडून सपाट, भोंवतीं बांध असलेले वाफे करावेत. कारण आतां पाणी बाहेर काढावयाचें नसून आंत राखावयाचें असतें. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, वाटाणा, लसूण यांची लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरांत करावी. कोबी, फुलकोबी, नवलकोल व टोमॅटो यांचीं रोपें आधीं तयार असावीं. धणे पेरण्यापूर्वीं हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करावे, म्हणजे उगवण एकसारखी होते. मेथी महिन्याच्या आंत काढणीस येते, मुळ्यास दीड महिना पुरतो. त्यामुळें एकाच वाफ्यांत दोन-तीन पिकें निघतात. मुळा-गाजराचीं रोपें दाट उगवल्यास विरळणी करतांना मन कठीण करावें लागतें. दाटींत वाढलेला मुळा पानांनीं मोठा आणि कंदानें शेपटीएवढा होतो. गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावरच करावी; ओल्या हवेंत छाटलेल्या फांद्या टोंकाकडून काळ्या पडत जातात. शेवंती दिवस लहान होऊं लागले म्हणजे कळ्या धरते. तिच्या कुंडीवर रात्रभर रस्त्यावरील दिव्याचा उजेड पडत असला तर तिला दिवस लहान झाल्याचें कळतच नाहीं, आणि फुलें लांबतात. अशी कुंडी अंधाऱ्या बाजूस हलवावी.

हिवाळ्यांत पाणी घालण्याची खरी परीक्षा होते. पठारावर या दिवसांत वाफ्यांतून दररोज साधारण तीन-चार मिलिमीटर पाणी उडून व पानांवाटे निघून जातें. म्हणजे वर सांगितलेल्या वाफ्याचा खर्च दिवसाला एका बादलीच्या आंतच असतो. परंतु रोज संध्याकाळीं थोडें थोडें पाणी शिंपडण्याची जी प्रथा आहे तिनें वरचीं दोन बोटेंच ओलीं राहतात आणि मुळें तेथेंच घोटाळतात. त्यापेक्षां चार-पांच दिवसांचें पाणी एकदम, सावकाश मुरेल असें द्यावें, आणि पुढचें पाणी देण्यापूर्वीं मातीची मूठ पाहावी. पालेभाजीची मुळें उथळ असतात, तिला हें अंतर कमी ठेवावें. फाल्गुन-चैत्रांत हाच खर्च सहा-सात मिलिमीटरवर, म्हणजे दीड-पावणेदोन बादल्यांवर जातो. आणि पुष्कळ ठिकाणीं नेमकें त्याच वेळीं विहिरीचें पाणी खालीं गेलेलें असतें.

अशा वेळीं बागेचा पसारा आवरणें हें शहाणपणाचें. दोन वाफे गवार-चवळी व माठ यांचे ठेवून बाकीची जमीन आच्छादनाखालीं विसांवू द्यावी. मोगऱ्याला मात्र हाच बहराचा काळ; हिवाळ्यांत त्याचें पाणी तोडून छाटणी केलेली असली, म्हणजे उन्हाळा चढतांच थोड्या पाण्यावर तो कळ्यांनी भरतो. तांदूळ व भाज्या धुतलेलें पाणी बागेस निःशंक द्यावें. परंतु धुण्याचा सोडा व साबणाची पूड मिसळलेलें पाणी काळ्या मातीस देऊं नये. त्यांतील सोडियम क्षारांनीं मातीचे रवे फुटतात, पोकळ्या बुजतात, आणि अशी जमीन ओली असतां चिकट व वाळतां टणक होऊन वाफशाला पारखी होते. वेलाच्या आळ्यांत भाजलेलें, पण रोगण न दिलेलें मडकें गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवण्याची युक्ति फार चांगली आहे. भोंवतालची माती जसजशी कोरडी पडते तसतसें पाणी मडक्यांतून पाझरतें. नवरात्रांत घटाभोंवतीं पेरलेलें धान्य ज्या पाझरावर हिरवें होतें, तोच हा पाझर. मालक गांवास गेला तरी हें मडकें कांहीं दिवस वाफसा राखून असतें.

वाफसा जमिनींत अधिक दिवस टिकावा अशी इच्छा असेल तर त्याचा मार्ग खताच्या खड्ड्यांतून जातो. सर अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथील वनस्पति-संशोधन संस्थेचे प्रमुख होते. तेथें त्यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्यानें केरकचरा, पालापाचोळा आणि शेण यांपासून खत करण्याची पद्धति बसविली आणि १९३१ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. ‘इंदूर पद्धति’ या नांवानें ती जगभर गेली. तिचें मर्म साधें आहे. वाळलेला पाला, हिरवा कचरा, शेण व थोडी माती यांचे थर द्यावे, ओल पिळलेल्या फडक्याइतकी राखावी, आणि दोन-तीन वेळां ढीग उलथून त्यांत हवा खेळवावी. सुमारें तीन महिन्यांत काळेंभोर खत तयार होतें. म्हणजे खताच्या ढिगालाही ओल आणि हवा यांचा मेळच लागतो. हें खत चिकण मातीचे कण रव्यासारखे बांधतें, त्यामुळें पावसाळ्यांत तिच्यांतून पाणी लवकर निघतें. आणि रेताड मातींत तेंच खत ओल धरून ठेवतें. शिवाय त्याच्यामागोमाग गांडुळें येतात. चार्लस डार्विन यांनी १८८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथांत गांडुळें जमीन कशी घडवितात याचें सविस्तर वर्णन केलें आहे. त्यांच्या बिळांतून पाणी खालीं उतरतें आणि हवा आंत येते, आणि त्यांना मजुरी द्यावी लागत नाहीं.

शहरांतील पुष्कळ कुटुंबांना आतां परस उरलेलें नाहीं. गच्ची किंवा खिडकींतील कुंड्या हीच त्यांची बाग. तेथेंही नियम हाच. कुंडीच्या बुडाशीं भोंक असावें, तें बुजलेलें नसावें, आणि खालच्या ताटलींत पाणी सांचूं देऊं नये. नुसती काळी माती कुंडींत भरूं नये. निम्म्याच्या आसपास खत व पालापाचोळा असावा. कुंडींत माती थोडी असल्यानें ती लवकर तापते आणि लवकर वाळते, यास्तव बोट घालून पाहण्याचा प्रसंग रोज येतो. मेथी, कोथिंबीर, मिरची, पुदिना आणि एखादा मोगरा एवढें चार-सहा कुंड्यांत सहज होतें.

परसबागेनें घरचा सगळा भाजीखर्च वांचेल अशी आशा धरणें व्यर्थ आहे. चार माणसांच्या घराला दहा-बारा हातांची जागा पुरत नाहीं. परंतु चुलीवर फोडणी पडत असतांना खुडून आणलेली कोथिंबीर, विषाच्या शंकेवांचून मुलाच्या हातांत देतां येणारी काकडी, आणि सणाच्या सकाळीं दाराला लागणारें घरचें तोरण, यांची किंमत बाजारभावानें होत नाहीं. हें सर्व ज्याला हवें त्यानें झारी उचलण्यापूर्वीं एकदां वांकून चार बोटें खोलीवरची माती मुठींत घ्यावी. ती चिकटली तर थांबावें, भुगा झाली तर पाणी द्यावें, आणि गोळा होऊन सहज फुटली तर कामाला लागावें.